जुन्या ३५० ला इंजेक्शन: कंपनीचं टीबीआय उचलू की बाजारातलं किट बसवू?

जुनाट_३५०

मंडळी, महिनाभर वाचून वाचून डोकं भंजाळलंय म्हणून शेवटी विचारतोच. गाडी १९७८ चा शेवरोले पिकअप, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक म्हणजे ५.७ लिटर, वर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. थंड असताना अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबला की एका सेल्फमध्ये उठते, तक्रार नाही. पण गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून परत सेल्फ मारला की फिरवत बसा, आणि एकदाची सुरू झाली की पेट्रोलचा असा भपकारा येतो की मागे बसलेला नाक दाबतो. दुसरं म्हणजे चढावर नाक वर करून उभी राहिली की गुदमरते, उतारावर उलटं, आयडलिंग आपोआप वर. कार्ब्युरेटर दोन वेळा खोलून झाला, किट टाकून झालं, फ्लोटची (वाडग्यातल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता) लेव्हल बघून झाली.

आता समोर दोन रस्ते आहेत. ओळखीतल्या एकाकडे १९९० चा मोडीत काढलेला पिकअप आहे, त्याचं टीबीआय (थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जागचं कंपनीचं पेट्रोल इंजेक्शन) अख्खं मिळतंय, म्हणजे थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्ड (तिथून इंजिनात हवा नेणारे पाइप), डिस्ट्रिब्युटर, ईसीएम (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग. दुसरा रस्ता म्हणजे होली स्नायपरसारखं किट, जे कार्ब्युरेटरच्याच जागी बसतं आणि म्हणे आपलं आपण शिकतं. मला रेस लावायची नाहीये, चावी फिरवली की सुरू व्हावी आणि चढावर इज्जत राहावी एवढंच. इंजिन माझ्या आधी कुणीतरी एकदा उघडलंय, आत काय घातलंय देव जाणे, आयडलला जरा लपक-लपक करतं. काय करू?

तेलकट_बोटं

मी टीबीआयवाला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर पक्षपाती म्हणायला नको. माझ्या मते ओळखीत अख्खा सेट मिळतोय तर डोळे झाकून उचल. कारण एकच, कंपनीने ते हजारो गाड्यांवर थंडीत, उन्हात, उंचीवर घासून काढलेलं असतं, थंड इंजिनला सेल्फ मारताना किती पेट्रोल द्यायचं, गरम झाल्यावर किती, गाडी उतारावर सोडली तर किती कापायचं हे सगळं आधीच भरलेलं आहे, तुला लॅपटॉप उघडून बसायचं नाही. आणि कुठे काही बिघडलं तर सेन्सर पटकन मिळतात.

पण थांब, डोळे अगदीच झाकू नकोस. १९८७ पासून या इंजिनाच्या लोखंडी हेडवर मॅनिफोल्डच्या मधल्या बोल्टांचा कोन बदललाय, आधी ९० अंश होता तो ७२ झाला. म्हणजे १९९० चं मॅनिफोल्ड तुझ्या १९७८ च्या हेडवर ठेवलंस तर कडेचे बोल्ट बसतील आणि मधले चार तुझ्याकडे बघून हसतील. काहीजण भोकं घासून लांबट करतात आणि खाली तिरकी वॉशर टाकतात, मी पण तेच केलं, झालं काम पण दोन दिवस घासत होतो. नाहीतर तुझंच मॅनिफोल्ड ठेव आणि वर अ‍ॅडॅप्टर प्लेट टाकून टीबीआय बसव, ते सोपं, फक्त एअर क्लीनर वर येतो, बॉनेट लागतंय का आधी मोजून घे.

वायरिंग काढताना कटर हातात घ्यायचाच नाही. एकेक कनेक्टर सोडवून, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहून काढ. इंजिनच्या मागे बारकी अर्थची डोळेवाली वायर असते ती लोक विसरतात आणि मग महिनाभर भूत शोधत बसतात. नॉक सेन्सर (इंजिन आतून ठोकतंय का ते ऐकणारा) आणि त्याचं वेगळं मॉड्यूल असतं ते पण घे. वेगाचा सेन्सर तुझ्या गिअरबॉक्सला नसेल, त्याच्याशिवाय गाडी चालते पण कोड २४ टाकते आणि थांबताना आयडल जरा नाटकं करतं.

आणि मोडीतून काढायच्या आधी त्याच गाडीवर बॅटरी लावून बघ. डॅशखालच्या डायग्नोस्टिक कनेक्टरचे ए आणि बी हे दोन पिन पेपरक्लिपने जोडायचे, चावी ऑन, इंजिन बंद. चेक इंजिनचा दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग दोनदा, म्हणजे १२. असा १२ तीनदा दाखवला की ईसीएम जिवंत आहे, त्यानंतर जे येतात ते खरे कोड. सात-आठ टाचण्या लावलेल्या बाईने पदर सावरावा तसं मी त्या वायरी सावरत बसलो होतो पहिल्यांदा, पण तो दिवा लुकलुकला तेव्हा जे वाटलं ना, सांगता येत नाही.

वायरवाला

तेलकटदादांचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट त्यांनी सोयीस्कर गाळली 😄 कंपनीने जे घासून काढलंय ते कंपनीच्या इंजिनावर. याच्या इंजिनात कुणीतरी आधीच हात घातलाय, आयडलला लपक-लपक करतंय, म्हणजे कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) बदललेला असणार असा मला वास येतोय. टीबीआयचा ईसीएम हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून अंदाज बांधतो, तो अंदाज चिपमध्ये लिहिलेला आहे आणि ती चिप साध्या कॅमसाठी आहे. मोठ्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्याला, आयडलवर व्हॅक्यूम (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ) कमी पडतो, ईसीएमला वाटतं गाडी लोडवर आहे आणि तो पेट्रोल ओततो. वर परत कॅमच्या ओव्हरलॅपमुळे (आतला-बाहेरचा दोन्ही व्हॉल्व थोडा वेळ एकदम उघडे राहतात त्यामुळे) न जळलेली हवा सायलेन्सरमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सर म्हणतो मिक्श्चर पातळ आहे, अजून ओत. म्हणजे भपकारा होता तसाच, फक्त आता वायरी जास्त. चिप बदलून घेता येते, नाही असं नाही, पण मग 'कंपनीचं तयार आहे' या मुद्द्यात काय उरलं?

मी स्नायपर तीन वर्षं वापरतोय. चार इंजेक्टर, ईसीयू (म्हणजे ईसीएमसारखाच कॉम्प्युटर) थ्रॉटल बॉडीच्या अंगावरच, वाइडबँड सेन्सर (मिक्श्चर नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) सोबत येतो, दाब ५८.५ पीएसआय. क्वाड्राजेटच्या मॅनिफोल्डवर बसणारं मॉडेल पण येतं, त्यामुळे बोल्टाची ती घासाघीस नाही. छोट्या स्क्रीनवर किती लिटरचं इंजिन, किती सिलिंडर, कॅम साधा की मधला की तगडा एवढं विचारतं आणि गाडी सुरू होते. माझी पहिल्या सेल्फला झाली होती, खोटं नाही सांगत.

पण 'आपलं आपण शिकतं' याच्यावर जास्त जाऊ नकोस. ते शिकतं फक्त इंजिन गरम झाल्यावरचं पेट्रोलचं टेबल, म्हणजे कुठल्या दाबाला आणि आरपीएमला किती पेट्रोल याचा तक्ता. थंड असताना सेल्फ मारताना किती, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला तर किती जास्तीचं, हे तुला हातानेच सेट करावं लागतं, माझे त्यात दोन हिवाळे गेले कारण दिवसातून थंड स्टार्ट एकदाच मिळतो ना, चुकलं की उद्या. आणि सेन्सरच्या आधी सायलेन्सर कुठे लीक असला तर ते चुकीचंच शिकतं, बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पातळ, हा शहाणा आपला पेट्रोल वाढवत राहतो. सेन्सर आडव्याच्या वर, जरा तिरका लाव, खाली तोंड करून लावलास तर पाणी साचून मरतो.

सगळ्यात जास्त रडवलं ते इग्निशनच्या आवाजाने, म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नाही, विजेचा. प्लगच्या वायरी जुन्या, कॉइलची वायर ईसीयूच्या वायरीला खेटून, झालं, आरपीएम ७०० चा मधेच ४००० दाखवायचं आणि इंजिन धाडकन बंद. तीन वेळा भर रस्त्यात. शेवटी मेन प्लस-मायनस थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेले, रेझिस्टन्सवाल्या प्लग वायरी टाकल्या, आरपीएमची वायर एकटी लांबून फिरवली तेव्हा शांत झालं. ते पहिल्या दिवशीच केलं असतं तर तीन वर्षांतली दोन सुखात गेली असती.

निवांत_पाना

तुम्ही दोघं लग्नाचा हॉल बुक करताय आणि मुलगी अजून बघितलीच नाही.

जुनाट भाऊ, तू जी लक्षणं लिहिलीस त्यात गरम असताना सेल्फ खाणं आणि भपकारा हे दोन्ही एकत्र आहेत. क्वाड्राजेटच्या जुन्या बॉडीला खालून प्लग असतात, पेट्रोलच्या विहिरींची भोकं बुजवलेली असतात तिथे, ते झिरपायला लागतात. गाडी बंद केली की वाडग्यातलं पेट्रोल थेंब थेंब मॅनिफोल्डमध्ये उतरतं. किट टाकलं म्हणालास पण किटमध्ये ते प्लग येत नाहीत, ते वेगळे इपॉक्सीने बंद करावे लागतात. त्यात तुझ्या मॅनिफोल्डच्या मधून सायलेन्सरची गरम हवा फिरवणारी वाट आहे, कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, इंजिन बंद केल्यावर ती उष्णता वर चढते आणि आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर उकळतं. एक जाड इन्सुलेटर गॅस्केट टाकली तर कदाचित अर्धा प्रश्न तिथेच मिटेल. चढावर गुदमरणं मात्र फ्लोटच्या वाडग्याचा स्वभाव आहे, लेव्हल बरोबर असूनही तिरकं झाल्यावर पेट्रोल एका बाजूला जातंच, त्याला इंजेक्शन हेच औषध, हे मान्य.

दोन्हीपैकी काहीही घ्यायच्या आधी व्हॅक्यूम गेज लाव. गरम इंजिन, आयडल, काटा किती आणि स्थिर आहे का ते इथे लिही. साधा कॅम आणि धडधाकट इंजिन असेल तर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे, व्हॅक्यूमचं माप) आणि काटा गप्प उभा. तसं असेल तर तेलकट म्हणतो ते कर. काटा खाली असेल पण स्थिर असेल तर वायरवाल्याचा वास खरा. आणि काटा फडफडत असेल तर दोघांचंही ऐकू नकोस, आधी व्हॉल्व आणि इग्निशन बघ, कारण मिसिंग मारणाऱ्या इंजिनावर इंजेक्शन बसवलं की मिसिंग तसंच राहतं आणि तू इंजेक्शनला शिव्या देत बसतोस.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघ. बुशिंग गेलेलं असेल तर लगेच कळतं, टकटक करतं.

टाकीपुराण

उशिरा आलो पण माझा विषय निघालाच नाही अजून त्यामुळे बरं झालं. तुम्ही सगळे वरच्या भांड्याबद्दल भांडताय, काम सगळं मागे आहे, टाकीत.

सध्या तुझा पंप इंजिनला चिकटलेला मेकॅनिकल आहे, चार ते सात पीएसआय देतो, एवढ्यात कुठलंच इंजेक्शन चालत नाही. टीबीआयला ९ ते १३ लागतात, स्नायपरला ५८.५. दोन्हीला इलेक्ट्रिक पंप, दोन्हीला परतीची लाइन. १९७८ ला काही गाड्यांना बारीक परतीची लाइन होती, वाफ परत न्यायला, तिच्यावर भरवसा ठेवू नकोस, बारीक पडली तर आयडलला दाब उतरतच नाही. मेकॅनिकल पंप काढल्यावर त्या जागी झाकण प्लेट लागते, ती आधी आणून ठेव, नाहीतर तेल गळत असताना पळावं लागतं, अनुभव आहे.

आता माझी चूक ऐक. मी घाईत पंप टाकीबाहेर चेसिसला ठोकला, वर, सायलेन्सरपासून हातभर. पंपाला ढकलायला आवडतं, ओढायला नाही, हे वाचलं होतं तरी केलं. टाकी भरलेली असताना सगळं छान. पाव टाकीवर आली आणि लांब वळण घेतलं की पेट्रोल एका कोपऱ्यात, पंपाने हवा ओढली, दाब शून्य, गाडी मेली. कार्ब्युरेटरला असं झालं तर वाडग्यात साठा असतो, दोन-चार सेकंद निभावतं, इंजेक्शनला एक क्षण पण चालत नाही. वर उन्हाळ्यात पंप गरम होऊन किंचाळायला लागायचा. सहा महिन्यांनी टाकी उतरवली आणि आत पंप बसवला, भोवती आडोसा असलेला ट्रे टाकला, तेव्हापासून आवाज पण नाही आणि वळणावर मरणं पण नाही. आतला पंप पेट्रोलातच बुडालेला, थंड राहतो.

होज. इथे कंजूषपणा करू नकोस. होजवर छापलेलं असतं, एसएई ३०आर७ म्हणजे कार्ब्युरेटरचा, ३०आर९ म्हणजे इंजेक्शनचा, आणि टाकीच्या आत बुडणारा तुकडा ३०आर१० च हवा, तो बाहेरून पण पेट्रोल सहन करतो. मला एका दुकानात आर७ च 'चालतो हो' म्हणून दिला होता. चालला, दोन महिने. मग एके दिवशी गॅरेजात शिरलो तर वास, हात लावला तर होजला घाम फुटल्यासारखा ओलावा, क्लॅम्पजवळ बारीक भेगा, आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर गरम सायलेन्सर. त्या रात्री झोप नाही लागली. क्लॅम्प पण ते खाचांवाले नकोत, रबर कापतात, गुळगुळीत आतल्या कडेचे घे.

पंपाला रिले, फ्यूज, आणि धडकेत बंद करणारा इनर्शिया स्विच. टीबीआयच्या वायरिंगमध्ये चावी ऑन केल्यावर पंप दोन सेकंद चालून थांबतो, इंजिन फिरलं तरच परत चालतो, ही सोय मोडून पंप थेट चावीवर जोडणारे महाभाग बघितलेत मी. अपघात झाला तर पंप तसाच पेट्रोल ओतत राहील, एवढं कळत नाही का.

आणि ओळखीच्या गाडीतला ३० वर्षांहून जुना पंप उचलू नकोस, फुकट दिला तरी.

जुनाट_३५०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, शनिवार-रविवार हेच केलं.

निवांत दादा, तुमचं बरोबर निघालं आणि वायरवाल्याचं पण. व्हॅक्यूम १४ इंच, त्यात काटा दोन इंच फडफडत होता. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवला तर अक्षरशः खुळखुळा. दुसरा डिस्ट्रिब्युटर टाकून टायमिंग लावलं तर काटा शांत झाला पण १५ च्या वर काही गेला नाही. म्हणजे कॅम बदललेलाच आहे ना? कार्ब्युरेटर काढून उलटा धरला तर खालचे दोन प्लग ओले, टिश्यू लावला तर ठिपका उमटला. ते इपॉक्सीने बंद केले, इन्सुलेटर टाकला. गरम असताना आता तीन-चार सेकंदांत उठते, आधी अर्धा मिनिट घ्यायची. चढाचं मात्र तसंच.

आता टीबीआय नको असं वाटायला लागलंय. की तरी पण घेऊन चिप बदलू?

वायरवाला

१५ आणि स्थिर म्हणजे कॅमच, दुसरं काही नाही, फारतर एकदा मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी कुठे एअर घेतंय का बघ. आकड्यात सांगतो, साध्या कॅमला २० इंच म्हणजे मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) समुद्रसपाटीवर साधारण ३४ किलोपास्कल दिसतात, तुझे १५ इंच म्हणजे ५० च्या आसपास. चिप ५० ला गाडी हळू चालवतोयस असं समजते आणि तू सिग्नलला उभा असतोस. चिप बदलता येईल, पण ती कोण लिहिणार आणि प्रत्येक वेळी काढून त्यावर नवे आकडे कोण भरणार.

तेलकट_बोटं

हार मानतो, पण अर्धी. १५ इंचाला कंपनीची चिप चालवून घेता येते, सुखाने नाही चालणार. पण तो सेट तरी पण घे, जर ओळखीतला माणूस सोडत असेल तर. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर, डिस्ट्रिब्युटर हे सगळं कंपनीचंच ठेवायचं आणि ईसीएमच्या जागी मेगास्क्वर्ट (आकडे स्वतः भरायचा बाजारातला कॉम्प्युटर) लावायचं. जनरल मोटर्सचे तापमानाचे सेन्सर त्याला आधीपासून ओळखीचे आहेत, लॅपटॉपवर टेबल दिसतं, हवं तसं वाकवता येतं. माझ्या धाकट्या भावाने केलंय. मात्र त्याला सगळं पहिल्यापासून स्वतः भरावं लागलं आणि वाइडबँड वेगळा घ्यावा लागला, आणि तो असा प्राणी आहे की त्याला जेवणापेक्षा टेबल भरायला आवडतं. तू तसा आहेस का ते तूच ठरव.

निवांत_पाना

तो तसा नाही, त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की चावी फिरवली की सुरू व्हावी. किट घे, मधला कॅम सांग, टाकीचं काम आधी कर. आणि कार्ब्युरेटर विकू नकोस, दुरुस्त झालाय आता, गुंडाळून फळीवर ठेव. इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर परत लावायला एक दुपार पुरते, फक्त मेकॅनिकल पंप पण सोबत जपून ठेव, कारण ५८ पीएसआय क्वाड्राजेटला दिलेस तर फ्लोटची सुई एक सेकंद तग धरणार नाही.

जुनाट_३५०

ठरलं मग, किट. टाकी पुढच्या आठवड्यात उतरवतोय, आत्ता पाऊण भरलेली आहे, आधी फिरवून संपवतो. टाकीपुराण भाऊ, उतरवताना अजून काही?

टाकीपुराण

संपवूनच उतरव, पाऊण टाकी छातीवर घेऊन झोपायचं नसतं. बॅटरीची मायनस आधी काढ. पेट्रोल भरायच्या नळीचा रबर कडक झालेला असेल, ओढू नकोस, उभा कापून नवीन टाक. वरच्या सेंडिंग युनिटला (डॅशवरच्या काट्याला पेट्रोलची पातळी सांगणारं) एक बारकी काळी अर्थ वायर असते, चेसिसला स्क्रूने लावलेली, ती लोक तोडतात आणि मग काटा कायम एकाच जागी अडकून राहतो. टाकी खाली आली की आत टॉर्च मारू नकोस, वाफ असते, उजेडात भोकातून बघ. तळाला तांबूस चिखल दिसला तर फोटो टाक इथे, मग पुढचं बोलू.